दुसऱ्या रविवारचा नंबर

सकाळचे साडेआठ. पंढरपुरातल्या एका खासगी दवाखान्याचा व्हरांडा आताच खच्चून भरला आहे. सोलापूरचे मेंदूविकारतज्ज्ञ इथे महिन्यातून एकदाच येतात, दुसऱ्या रविवारी. मंगळवेढा-सांगोल्याहून पहिल्या एसटीने आलेली माणसं पायऱ्यांवर टेकली आहेत. कुणाला आकडी येते, कुणाचा हात लुळा पडलाय.

टेबलामागच्या पोरासमोर लांबोडकी वही.

"मावशी, चाळीस नंबर फुल झालेत. पुढच्या महिन्यासाठी फोन करा."

"फोन लागतुया कुठं तुझा? कवाधरनं लावतीया, एंगेजच येतंय."

पोरगं वर बघत नाही. टेबलावरचा फोन वाजतोच आहे.

दहाला डॉक्टरांची गाडी येते. लोक सावरून बसतात, चपला शोधतात. पण नंबर काही पुढे सरकत नाही, कारण वहीत नसलेलीच माणसं आत जात राहतात. "फक्त रिपोर्ट दाखवायचाय, दोन मिनिटं." हातात एमआरआयची भली मोठी पिशवी. तपासण्या गेल्या महिन्यात लिहून दिलेल्या, फी तेव्हाच भरलेली. मग परत नंबर कशाला लावायचा? आत मात्र फिल्म उजेडावर धरून बघायची, गोळी बदलायची, ती बदललेली गोळी नातेवाइकांना दोनदा समजावून सांगायची. दोन मिनिटांची पंधरा होतात, आणि व्हायलाच हवीत. त्यात कोपऱ्यात टाय लावलेला औषध कंपनीचा एमआर बॅग सांभाळत उभा. त्यालाही आत जायचंच आहे. साडेबारा वाजले तरी वहीतला नववा नंबर चालू.

शिव्या खातंय ते टेबलावरचं पोरगं. त्याच्या हातात आहे काय? मेंदूविकारतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडीची तीन, डीएमची आणखी तीन. साडेअकरा वर्षं शिकलेला हा डॉक्टर एमआरआय आणि आयसीयू जिथे आहेत तिथेच बसणार. तालुक्याच्या वाट्याला येते ती त्याची सुट्टी, तीही महिन्यातली एक.

मावशी टेबलापासून हटत नाहीत. शेवटी पोरगं वहीच्या समासात त्यांचं नाव लिहितं. एक्केचाळीस. "संध्याकाळ होईल बघा." मावशी पिशवीतून भाकरी काढतात.

तुम्हीही 'फक्त रिपोर्ट' दाखवायला जाणार असाल, तर कृपा करून वहीत नाव घालूनच जा.