एक लेन्स, दोन कॅमेरे

आज गिऱ्हाईक दुकानात येण्याआधी मोबाइलवर कापडाचा फोटो मागते. बीडच्या आमच्या दुकानातून गेलेला मेहंदी रंगाचा ताका असाच परत आला. फ्लॅशच्या फोटोत तो पोपटी दिसला होता. तेव्हापासून फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड आणि ५० मि.मी., एफ १.८ ची झूम नसलेली लेन्स पुरते. एफ ३.५ च्या लेन्सपेक्षा ती जवळजवळ चौपट प्रकाश घेते.

जुना फिल्म कॅमेराही वापरणाऱ्या बंधूंनी मात्र जपून खरेदी करावी. निकॉनच्या एसएलआरचा माउंट १९५९ पासून तोच आहे. पण जुन्या, हाताने चालणाऱ्या बॉडीला अ‍ॅपर्चरची रिंग असलेली लेन्स लागते. ती ‘डी’ लेन्सला असते, ‘जी’ला नसते. उलट स्वस्त डिजिटल एसएलआरवर ‘डी’चा फोकस हातानेच करावा लागतो. कॅननची ईएफ लेन्स १९८७ पासूनच्या ईओएस फिल्म कॅमेऱ्यांना आणि डिजिटल एसएलआरनाही चालते.

लहान सेन्सरवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी दिसते. दुकान अरुंद असेल तर ३५ मि.मी. घ्यावी, तीही फुल फ्रेमची. लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फिल्मवर कोपरे काळे करते.

कापड आपण हात लावून घेतो. लेन्सही दोन्ही कॅमेऱ्यांना लावून पाहावी, मगच पैसे मोजावेत.