जुन्या पॅडमध्ये ताशा भरताना

खुर्सीपार ही भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आधारानं वाढलेली कामगारवस्ती. इथल्या आणि एकूणच दुर्ग-भिलाईकडच्या मिरवणुकांत धुमाल वाजतो. नागपूरकरांना तो चांगला ओळखीचा आहे. त्यात ढोल-ताशांच्या जोडीला कीबोर्ड आणि पॅड असतं. पॅडच्या रबरी चौकोनावर काठी पडली की आतला एक आवाज वाजतो. रोलँडच्या एसपीडी-२० मध्ये कारखान्यातून आलेलेच आवाज असतात, पण एसपीडी-एस किंवा २०११ सालच्या एसपीडी-एसएक्समध्ये बाहेरचा आवाज भरता येतो. असं आवाज भरता येणारं यंत्र म्हणजे सॅम्पलर. भरलेला ताशा मूळच्यासारखा कडक वाजला नाही, की दोष यंत्राच्या जुनेपणावर जातो. माझं मत वेगळं आहे. बहुतेक नुकसान आवाज यंत्रापर्यंत पोचण्याआधीच झालेलं असतं, आणि ते टाळता येतं.

यंत्राला मर्यादा असतात, हे खरंच. १९८७ सालचा ई-म्यू एसपी-१२०० आवाज १२ बिटांत, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांत मोजतो, सेकंदाला सुमारे २६,००० वेळा. आणि त्यात एकूण दहाच सेकंदांचा आवाज मावतो. पुढच्याच वर्षी आलेला अकाई एस-१००० मात्र सीडीप्रमाणे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजण्यांवर चालतो. म्हणजे पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीचं यंत्रही सीडीच्या तोडीचा ताशा सांभाळू शकतं. मग बिघडतं कुठे? अनेकदा मूळ फाइलच एमपी३ असते. एमपी३ आवाजाचे लहान लहान तुकडे पाडून त्यातला कानाला न जाणवणारा भाग टाकून देते. सनईच्या लांब सुराला त्याची फारशी झळ बसत नाही. ताशाचं तसं नाही. त्याच्या आधी शांतता असते आणि मग एका क्षणात कडाड होतं. दोन्ही एकाच तुकड्यात आले की या काटछाटीतून आलेली खरखर त्या शांततेतही पसरते, ठोक्याच्या आधीच पुसट खसखस उमटते आणि ठोक्याची धार बोथट होते. अशी फाइल वेव्हमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न टाकणाऱ्या फाइलमध्ये, बदलली तर ती फक्त मोठी होते. गेलेलं काही परत येत नाही. म्हणून ताशा मुळातच २४ बिट वेव्हमध्ये ध्वनिमुद्रित करावा.

दुसरी चूक वेगाची. मोबाइलच्या व्हिडिओतला आवाज साधारणपणे ४८ किलोहर्ट्झचा असतो. तो न बदलता ४४.१ च्या गतीनं वाजवला, तर सूर जवळपास दीड अर्धस्वरानं उतरतो आणि ठेका आठ टक्क्यांनी मंदावतो. बदलतानाही आधी वरच्या कंपनांना गाळणी लागते. सॅम्पलर आपल्या मोजणीच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं धरू शकतो. त्यावरची खाली दुमडून येतात. एसपी-१२०० साठी केलेल्या बदलात गाळणी नसेल, तर १५ किलोहर्ट्झची झणझण सुमारे ११ वर भलताच सूर होऊन बसते. एकदा बसली की ती काढता येत नाही. त्यानंतर पातळी बघायची. आवाजाचं शिखर १२ डेसिबल खाली ठेवलं तर १२ बिटांपैकी दोन वायाच जातात. म्हणून शिखर जवळपास पूर्ण उंचीवर आणून मगच बिट कमी करावेत. बिट नुसते छाटले तर झांजेची विरत जाणारी शेपटी करकरते. त्यासाठी डिदर, म्हणजे अगदी बारीक, सपाट खरखर, मिसळतात. हे सगळं संगणकावर, याच क्रमानं आणि एकदाच करायचं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: मिरवणुकीच्या गदारोळात हे कोणाला कळणार? पण भोंग्यांची भिंत दोषही तितकाच मोठा करते, आणि एकच ठोका रात्रभर शेकडो वेळा वाजतो. गर्दीतून वाट काढते ती ठोक्याची धारच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या यंत्राचा खरखरीतपणाच काहींना हवा असतो. अमेरिकेत एसपी-१२०० वाले जागा वाचवायला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावून आवाज भरत आणि आत तो पुन्हा मंद करत. त्यातून आलेला रांगडेपणा त्यांनी आपलासा केला. ते मला पूर्ण मान्य आहे. पण तो रांगडेपणा यंत्राचा होता आणि निवडून घेतलेला होता. एमपी३ नं बोथट केलेला ताशा कोणी निवडलेला नसतो.

आता उरतो आवाज आत नेण्याचा मार्ग. मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रातून तार लावून भरलं, तर आवाज एकदा विजेत आणि पुन्हा आकड्यांत बदलतो, वर मोबाइलची खरखर येते. कार्ड, यूएसबी किंवा जुन्या यंत्रातली फ्लॉपी आकडे जसेच्या तसे नेते. मिडीच्या, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या, तारेतूनही ते जातात, पण १६ बिटांच्या एका सेकंदाला सुमारे पाऊण मिनिट लागतं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर असा एकेरी आवाज जेमतेम सोळा सेकंद मावतो, आणि तिचं चुंबकत्व वर्षागणिक विरतं. त्यामुळे २४ बिटांची मूळ फाइल संगणकावर निराळ्या नावानं, हात न लावता ठेवावी. कार्ड गेलं किंवा पॅड बदललं, तरी नवी प्रत तिच्यावरूनच काढायची असते.