माउथ ऑर्गनमधले 'म' आणि 'ध' कुठे गेले? 'बेंडिंग' नेमकं कसं चालतं?

दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन घेतला, एकेक सूर स्वच्छ निघू लागला, मधल्या सप्तकात दोन-चार गाणीही बसली. मग एखादं गाणं खाली उतरतं आणि 'म' सापडत नाही. 'ध'सुद्धा नाही. इथे अनेकांना वाटतं, वाद्यच खराब निघालं. वाद्य ठीक असतं. हे सूर त्यात बसवलेलेच नसतात.

असं का? 'सी'चा, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एकचा माउथ ऑर्गन घेऊ. प्रत्येक छिद्रामागे दोन पातळ रीड असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. चौथ्या ते सातव्या छिद्रात सा ते सा असं पूर्ण सप्तक मिळतं. पहिली तीन छिद्रं मात्र साथीसाठी आहेत. ती एकत्र फुंकली की सा-ग-प वाजतं, ओढली की रे-प-नी. 19व्या शतकात युरोपात रुळलेल्या या मांडणीत कॉर्ड महत्त्वाचे होते. म्हणून 'प' दोनदा आला आणि 'म', 'ध' बाहेर राहिले. अगदी वरच्या टोकाला 'नी'देखील नाही.

वाकवलेला सूर

ही उणीव भरून काढण्याचं तंत्र म्हणजे बेंडिंग. श्वास आत ओढत असताना जिभेचा मागचा भाग वर-मागे सरकवायचा, जणू 'ई' म्हणता म्हणता 'ऊ'कडे जायचं. तोंडातल्या पोकळीचा आकार बदलतो आणि सूर खाली घसरतो. गंमत अशी, की त्या वेळी एकच रीड वाजत नसते. छिद्रातली उंच सुराची रीड खाली येते आणि खालच्या सुराची रीडही थरथरू लागते.

त्यामुळे सूर किती खाली जाईल, हे त्या दोन रीडमधल्या अंतरावर ठरतं. तिसऱ्या छिद्रात फुंकल्यावर 'प', ओढल्यावर 'नी'. मधले कोमल नी, शुद्ध ध आणि कोमल ध हे तिन्ही सूर तिथे लपलेले आहेत. दुसऱ्यात तीव्र आणि शुद्ध 'म' मिळतो. पाचव्यात मात्र ग आणि म शेजारी-शेजारी, मध्ये जागाच नाही. तिथे कितीही जोर लावा, पुढचा सूर येणार नाही. आठव्यापासून उलटा प्रकार. तिथे फुंकून सूर वाकवावा लागतो आणि दहाव्यात हरवलेला 'नी' सापडतो.

सुरुवात चौथ्या छिद्रापासून करावी. तिथे 'रे'खाली फक्त कोमल रे आहे. तिसऱ्यात तीन थांबे असल्यामुळे सूर कुठेतरी अधांतरी लटकतो. पेटीवर 'ध' दाबून ठेवावा आणि त्याला आपला सूर मिळेपर्यंत जीभ हलवत राहावं. श्वासाचा जोर वाढवणं ही सर्वांत मोठी चूक. त्याने बेंड येत नाही, रीड मात्र लवकर बेसूर होते.

'सा' हलवला तर?

मधल्या सप्तकातले कोमल ग, तीव्र म आणि कोमल नी बेंडिंगनेही मिळत नाहीत. 'ओव्हरब्लो' नावाचं अवघड तंत्र आहे, किंवा बटण असलेला क्रोमॅटिक माउथ ऑर्गन घ्यावा लागतो. पण त्याआधी एक सोपी वाट आहे आणि आपल्याकडे शिकवताना तिचा फारसा उल्लेख होत नाही, हे मला विचित्र वाटतं. पाचव्या छिद्रातल्या 'ग'ला 'सा' माना. तिथून आठव्यापर्यंत भैरवीचे सगळे कोमल सूर एकही बेंड न करता वाजतात. चौथ्यातल्या 'रे'ला सा मानलं तर काफी, सहाव्यातल्या 'प'ला मानलं तर खमाज. आपल्याकडची मूर्च्छनेची कल्पनाच ही.

अर्थात, पट्टी बदलते. पांढरी एकच्या माउथ ऑर्गनवर ही भैरवी पांढरी तीनमध्ये वाजेल. गाणारा पांढरी एकमध्ये गात असेल, तर काळी चारचा माउथ ऑर्गन काढावा लागेल. वादकांच्या पिशवीत चार-पाच माउथ ऑर्गन दिसतात ते यासाठीच.

खरेदीला जाताना एवढं बघा: दुकानात सर्रास मिळणारा, छिद्रांच्या दोन ओळी असलेला माउथ ऑर्गन 'ट्रेमोलो' असतो. त्यात प्रत्येक रीडचा कप्पा वेगळा असल्याने दोन रीड एकमेकींवर परिणाम करू शकत नाहीत आणि वर सांगितलेलं बेंडिंग त्यावर जमत नाही.