मुंबईतील खाजगी एफ.एम. रेडिओ : परवान्याची किंमत आणि गाण्यांची निवड

प्रास्ताविक

२००२ साली अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने मुंबईत पाच खाजगी एफ.एम. स्थानके सुरू झाली. रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफ.एम., गो ९२.५ आणि विन ९४.६ ही ती पाच स्थानके होत. दीर्घकाळ एकाच संस्थेच्या हाती असलेले माध्यम पाच स्पर्धकांच्या हाती गेल्यामुळे श्रोत्यांना पाच प्रकारचे संगीत ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त होत होती. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांतच बहुतेक स्थानकांवरून तीच नवी हिंदी चित्रपटगीते थोड्याफार फरकाने ऐकू येऊ लागली. याचे खापर बहुधा श्रोत्यांच्या अभिरुचीवर किंवा निवेदकांच्या उथळपणावर फोडले जाते. परंतु गाण्यांच्या या निवडीचा संबंध अभिरुचीपेक्षा परवान्याच्या अर्थकारणाशी अधिक निकटचा आहे. प्रस्तुत लेखात त्या संबंधाचा शोध घेतला असून, मुंबईच्या रेडिओवर मराठी गीतांना मिळालेल्या अत्यल्प स्थानाचाही त्या अनुषंगाने विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. लोकप्रिय संगीताविषयी शासकीय नभोवाणीचे धोरण प्रदीर्घ काळ संशयाचे राहिले. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याची धुरा सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटसंगीताला आकाशवाणीवर जवळजवळ थारा दिला नाही. परिणामी श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती ही त्या गळतीवरची उपाययोजना होती. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती प्रसारित होऊ लागल्या. लोकप्रिय गाणे आणि जाहिरातदाराचा पैसा यांची शासकीय नभोवाणीवरील गाठ महाराष्ट्रातच पडली, ही बाब येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एफ.एम. तंत्राने भारतात प्रवेश केला तो २३ जुलै १९७७ रोजी मद्रास येथे. मुंबईकरांना एफ.एम.ची खरी गोडी लागली ती १९९३ नंतर. त्या वर्षी आकाशवाणीने महानगरांतील आपल्या एफ.एम. वाहिनीवरील काही तास खाजगी संस्थांना विकण्यास प्रारंभ केला आणि टाइम्स एफ.एम., रेडिओ मिडडे ही नावे घरोघरी पोहोचली. प्रक्षेपक आकाशवाणीचा, आवाज मात्र खाजगी, अशी ही व्यवस्था होती. जून १९९८ मध्ये ती बंद करण्यात आली.

सार्वजनिक मालमत्ता आणि तिचा लिलाव

दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वपूर्ण निकाल दिला होता. हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना व केंद्र शासन यांच्यात उद्भवलेला हा वाद होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन व बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि तिच्या वापराचे नियमन लोकहितार्थ सार्वजनिक यंत्रणेने करावयाचे असल्याचे स्पष्ट केले. शासनाची मक्तेदारी या निकालाने संपुष्टात आली. मात्र सार्वजनिक मालमत्ता म्हणजे सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यास द्यावयाची मालमत्ता, असा अर्थ त्या निकालातून निघत नव्हता. तो पुढे धोरणकर्त्यांनी लावला.

२००० साली ४० शहरांतील १०८ वारंवारतांचा लिलाव झाला. बोली वार्षिक परवाना शुल्काची होती. परवान्याची मुदत दहा वर्षांची होती आणि शुल्कात दरवर्षी १५ टक्के वाढ ठरलेली होती. मुंबईचे शुल्क वार्षिक ९.७५ कोटी रुपयांवर पोहोचले. बोली लावणाऱ्यांपैकी अनेकांनी नंतर माघार घेतली. संपूर्ण देशात प्रत्यक्षात सुरू झालेली स्थानके एकवीस होती आणि ती बारा शहरांपुरती मर्यादित राहिली.

या आकड्यांचा अर्थ थोडी आकडेमोड केल्यास स्पष्ट होतो. ९.७५ कोटी रुपये वर्षाच्या ८,७६० तासांत विभागले असता ताशी सुमारे ११,१३० रुपये पडतात. मध्यरात्रीचा, पहाटेचा, सुटीच्या दिवसाचा, कोणताही तास यातून सुटत नाही. १५ टक्के वाढीने दहाव्या वर्षीचे शुल्क सुमारे ३४.३ कोटींवर, म्हणजे ताशी ३९ हजारांवर गेले असते आणि दहा वर्षांची एकूण रक्कम सुमारे १९८ कोटी झाली असती. यात निवेदकांचे वेतन, वीज, प्रक्षेपण मनोऱ्याचे भाडे व गाण्यांचे स्वामित्वशुल्क धरलेले नाही. स्वामित्वशुल्कही त्या काळी गाणे प्रत्यक्ष वाजत असलेल्या तासांच्या हिशेबाने, म्हणजे स्थानकाचे उत्पन्न कितीही असो, द्यावे लागे. उत्पन्नाच्या प्रमाणात, म्हणजे निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के, हा दर कॉपीराइट मंडळाने ठरविला तो ऑगस्ट २०१० मध्ये.

ठरलेला खर्च एवढा अवजड असेल, तर अपरिचित गाणे वाजविण्याची जोखीम कोणताही व्यवस्थापक घेणार नाही. गाण्याच्या काही सेकंदांचा तुकडा श्रोत्यांना दूरध्वनीवरून ऐकवून पसंती अजमावणे, पसंतीस उतरलेल्या मोजक्या गाण्यांची यादी संगणकावर चढविणे आणि तीच दिवसभर फिरविणे, ही कार्यपद्धती या परिस्थितीतून स्वाभाविकपणे रूढ झाली. आर.जे. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवेदकाला बोलण्याचे स्वातंत्र्य होते, परंतु गाणे निवडण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते.

पाच स्थानके, एकच निवड

तथापि केवळ शुल्काने सर्व उलगडा होत नाही. स्पर्धा असूनही वैविध्य का निर्माण होत नाही, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टाइनर यांनी १९५२ सालीच रेडिओच्या संदर्भात दिले होते. त्यांचे प्रतिपादन एका काल्पनिक उदाहरणाने समजावून घेता येईल. एखाद्या शहरात शंभर श्रोते आहेत. त्यांपैकी नव्वद जणांना नवी हिंदी चित्रपटगीते हवी आहेत आणि दहा जणांना अन्य काही. पाच स्थानके असतील तर नव्वद श्रोत्यांत प्रत्येकाच्या वाट्याला अठरा येतात. उरलेल्या दहांसाठी वेगळे संगीत देणाऱ्या स्थानकाला दहाच मिळतील. त्यामुळे पाचही स्थानके नव्वदांच्या मागे लागतात. अल्पसंख्य श्रोत्यांकडे वळणे फायद्याचे ठरते ते दहावे स्थानक सुरू झाल्यावर, कारण तेव्हा नव्वदांचा दहावा हिस्सा नऊवर येतो. याउलट सर्व स्थानके एकाच मालकाची असतील, तर दुसरे स्थानक सुरू करताना तो आपल्याच पहिल्या स्थानकाचे श्रोते पळविणार नाही, तर उरलेल्या दहांकडे वळेल. मक्तेदार अधिक वैविध्य देऊ शकतो आणि स्पर्धक देत नाहीत, हा स्टाइनर यांचा निष्कर्ष प्रथमदर्शनी विचित्र वाटतो, पण मुंबईची २००२ नंतरची स्थिती त्याच्याशी बरीच जुळते. मुंबईत स्थानके पाच होती आणि एका शहरात एका कंपनीला एकच वाहिनी, असा नियम होता.

या चित्रात गो ९२.५ हा ठळक अपवाद ठरतो. मिडडे समूहाच्या या स्थानकाने इंग्रजी पॉप संगीताची वाट धरली. त्यामागे शुद्ध कलाप्रेम होते असे मानण्याचे कारण नाही. इंग्रजी गाणी ऐकणारा वर्ग संख्येने लहान असला तरी त्याची क्रयशक्ती मोठी असल्यामुळे प्रत्येक श्रोत्यामागे जाहिरातदार अधिक पैसे मोजेल, असा तो हिशेब होता आणि तो तर्काला धरून होता. परंतु परवाना शुल्क श्रोत्यांच्या संख्येकडे किंवा उत्पन्नाकडे पाहत नव्हते. लहान वर्गाची सेवा करणाऱ्या स्थानकालाही मोठ्या वर्गाच्या मागे लागलेल्या स्थानकाइतकीच रक्कम भरावी लागे. पुढे हे स्थानक रेडिओ वन या नावाने ९४.३ वर स्थिरावले, तेव्हा ते हिंदी गाण्यांकडे वळलेले होते. विन ९४.६ तर दुसऱ्या टप्प्यापर्यंत टिकलेच नाही.

बातमीविना स्थानिकता

खाजगी स्थानकांना बातम्या व चालू घडामोडी प्रसारित करण्यास मनाई होती. ही मनाई संगीताशी असंबद्ध वाटली, तरी तशी ती नाही. शहराविषयी बोलण्याचा महत्त्वाचा मार्गच बंद असल्याने स्थानिकपणा सिद्ध करण्यासाठी वाहतुकीची खोळंबलेली स्थिती, हवामान, खाऊगल्ल्या आणि निवेदकाची बंबइया बोली एवढेच साहित्य हाती उरत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर ठप्प झाले. अशा प्रसंगी कोणता रस्ता पाण्याखाली आहे, हे सांगणे बातमी ठरते की सेवा, हा प्रश्न नियमांच्या भाषेत अनुत्तरित होता. २०११ च्या धोरणाने वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्ती, परीक्षांचे निकाल इत्यादी माहिती बातमीच्या व्याख्येतून वगळली आणि आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुनःप्रसारित करण्यास मुभा दिली. स्वतःची बातमी देण्याची मुभा मात्र त्यात नव्हती.

चार टक्क्यांची व्यवस्था

तोटा असह्य झाल्यावर शासनाने अमित मित्रा समिती नेमली. तिच्या व दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या शिफारशींनंतर १३ जुलै २००५ रोजी दुसऱ्या टप्प्याचे धोरण जाहीर झाले. त्याअन्वये एकदाच भरावयाचे प्रवेशशुल्क आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे स्थूल उत्पन्नाच्या चार टक्के वार्षिक शुल्क, अशी रचना आली. ९१ शहरांतील ३३८ वाहिन्या देऊ करण्यात आल्या. मुंबईतही स्थानकांची संख्या वाढली. शासनाचा वाटा उत्पन्नाशी बांधला गेल्यामुळे धोका पत्करण्यास आता अधिक वाव होता. तरीही गाण्यांच्या यादीत फारसा बदल दिसला नाही. तीन-चार वर्षांत जडलेली व्यावसायिक सवय हे त्याचे एक कारण होय. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण एका शहरात एकच वाहिनी हा नियम तसाच राहिला, हे असावे.

ही शंका पुढे काही अंशी पडताळता आली. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात एका कंपनीला एकाच शहरात एकाहून अधिक वाहिन्या घेण्याची मर्यादित मुभा मिळाली. २०१५ च्या लिलावात मुंबईतील वारंवारतेची किंमत १२२.८१ कोटी रुपयांपर्यंत गेली. फीवर १०४ चालविणाऱ्या समूहाने याच लिलावातून दुसरी वाहिनी मिळविली आणि रेडिओ नशा या नावाने तिच्यावर जुनी हिंदी गाणी लावली. आपल्याच पहिल्या स्थानकाशी स्पर्धा न करता नवा श्रोता शोधावा, हा स्टाइनर यांनी मांडलेला हिशेबच येथे प्रत्यक्षात आला. मात्र शोध जुन्या हिंदी गाण्यांपाशी थांबला, मराठीपर्यंत पोहोचला नाही.

ज्याची मोजणी होत नाही असा श्रोता

मुंबईच्या खाजगी रेडिओवर मराठी गाणी अत्यल्प का, याचे प्रचलित उत्तर श्रोत्यांची मागणी नाही हे आहे. स्टाइनर यांच्या मांडणीत श्रोता आवडीचे संगीत नसेल तर रेडिओ बंद करतो, असे गृहीत धरलेले होते. १९७७ साली जॅक बीब यांनी दूरचित्रवाणीच्या संदर्भात यात एक दुरुस्ती सुचविली. प्रेक्षकाला पहिल्या पसंतीखेरीज दुसरी पसंतीही असते. दुसऱ्या पसंतीचा कार्यक्रम स्वीकारण्यास तो तयार असेल, तर पहिल्या पसंतीचा कार्यक्रम देण्याचे कारण कोणाला उरत नाही.

मुंबईतील मराठी श्रोत्याची स्थिती नेमकी हीच आहे. त्याला हिंदी चित्रपटगीत कळते आणि आवडतेही. सुधीर फडके वा श्रीनिवास खळे यांचे गीत त्याला अधिक जवळचे वाटले, तरी ते न लागल्यामुळे तो रेडिओ बंद करत नाही. हिंदी न समजणारा श्रोता स्थानकाच्या हातून निसटला असता आणि म्हणून त्याच्या भाषेचा विचार करावा लागला असता. चेन्नईच्या स्थानकांनी तमिळ गाण्यांवर भर दिला, त्यामागे भाषाभिमानाबरोबर हा व्यवहारही आहे. मराठी श्रोत्याची सहिष्णुता येथे त्याच्याच विरोधात जाते.

मोजणीच्या साधनांनीही ही स्थिती बदलली नाही. २००७ पासून मुंबईत रेडिओ श्रोतृसंख्या मोजण्यासाठी निवडक श्रोत्यांना डायरी भरावयास दिली जाऊ लागली. कोणत्या वेळी कोणते स्थानक ऐकले, याची नोंद त्या डायरीत होई. काय ऐकावयास हवे होते, याला तिच्यात रकाना नव्हता. एखाद्या टॅक्सीत किंवा किराणा दुकानात दिवसभर चालू असलेला रेडिओ त्या हिशेबात समाधानी श्रोता म्हणूनच गणला गेला.

लिलावोत्तर करारांत दिवसाच्या प्रसारणापैकी किमान वीस टक्के भाग त्या शहराच्या स्थानिक भाषेत असावा आणि त्यातून स्थानिक आशयास चालना मिळावी, अशी अट आढळते. निवेदन, जाहिरात आणि गाणे यांपैकी कशाने ती पूर्ण करावयाची, याचा उलगडा अटीत नाही. निवेदकाने हिंदी गाण्यांच्या मध्ये चार मराठी वाक्ये बोलावीत आणि मराठी वस्तूंच्या जाहिराती लावाव्यात, एवढ्यानेही तिचे कागदोपत्री पालन होऊ शकते. लहरींच्या मालकीविषयी १९९५ साली न्यायालयाने जे म्हटले, त्याच्याशी ही अट कितपत सुसंगत आहे, याचा विचार पुढील लिलावाच्या अटी ठरण्यापूर्वीच व्हावयास हवा, कारण एकदा बोली लागली की परवान्याची मुदत पंधरा वर्षांची असते.