अस्वलासमोर बंदूक कितपत कामाची?

अंकुशनगर हा साखर कारखान्याचा, उसाचा परिसर. अस्वलांचे रान मात्र शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात. तिकडे कामाला किंवा पाहुणे म्हणून जाणारे हमखास विचारतात, "सोबत बंदूक असावी का, आणि कोणती?"

आधी कायदा. अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार हा गंभीर गुन्हा. कलम 11 नुसार जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारले गेले तर तो गुन्हा ठरत नाही. पण मेलेले जनावर सरकारचे. बंदुकीला परवाना हवाच आणि परवाना असला तरी अभयारण्यात ती विनापरवानगी नेता येत नाही.

आता उपयोग. शेतकऱ्याकडे असलीच तर बारा बोअरची असते. तिचे बारीक छर्रे पाखरांसाठी. दाट केसांच्या, जाड कातडीच्या अस्वलाला ते थांबवत नाहीत, उलट चवताळवतात. एकसंध जड गोळी ताकदवान खरी, पण नेम हवा. अस्वलाला दिसते कमी. वारूळ उकरण्यात किंवा मोहफुले वेचण्यात ते गुंग असते आणि माणूस अगदी जवळ आला की दचकून अंगावर येते. तेवढ्यात बंदूक खांद्याला लागतच नाही.

म्हणून पहाटे व तिन्हीसांजेला रानात एकटे जाऊ नका. बोलत, काठी आपटत चाला. पिल्ले दिसली तर हळूच मागे फिरा. अस्वल गावाजवळ दिसले तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. बंदुकीपेक्षा चाहूल देणे अधिक भरवशाचे.