इंजिन खोलायला देण्यापूर्वी…

जुनी गाडी एके दिवशी चढावर दम टाकू लागते, सिग्नलला उभी असताना थरथरते, अ‍ॅव्हरेज घसरते आणि घरात चर्चा सुरू होते, विकून टाकायची की इंजिनाचे काम काढायचे? गॅरेजमध्ये अनेकदा उत्तर तयारच असते, ‘‘इंजिन थकलंय साहेब, खोलावं लागेल.’’ मध्यमवर्गीय घराचे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडायला हे एक वाक्य पुरेसे असते. शिवाय खरा दोष एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत असेल, तर एवढा खर्च करूनही गाडी पूर्वीसारखीच रखडत राहते.

पेट्रोल इंजिनाला चांगले चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोलचे योग्य मिश्रण, नेमक्या वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला पुरेसा दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन. पहिल्या दोन गोष्टी तपासायला फारसा खर्च येत नाही. इंजिन खोलावे लागते ते बहुतेकदा तिसरी बिघडल्यावर. म्हणून तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे जावी.

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० सारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांत दोष सांगणारा संगणक नसतो. तिथे मालकाचे निरीक्षणच कामी येते. नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना स्कॅनर लावता येतो, पण स्कॅनर बिघाडाची दिशा दाखवतो. कोणता भाग बदलायचा, हे तपासूनच ठरवावे लागते.

लक्षणे लिहून काढा

‘‘गाडी ओढत नाही’’ एवढ्या सांगण्यावरून कोणत्याही मेकॅनिकला निदान करता येणार नाही. त्रास केव्हा होतो, हे आठवडाभर टिपून ठेवा.

सकाळी थंड इंजिन कुरकुरते, पण तापल्यावर छान चालते? चोक तपासा. सावकाश ठीक चालते, पण वेगात किंवा चढावर गुदमरते? पेट्रोल कमी पोहोचत असावे. फिल्टर तुंबलेला किंवा पंप कमजोर असू शकतो. उलट वेगात ठीक, पण उभी असताना बंद पडते? मग कार्बोरेटरच्या छोट्या जेटमध्ये कचरा असेल किंवा कुठल्या तरी नळीतून जादा हवा आत शिरत असेल. ठराविक लयीत मिसिंग होत असेल, तर एकाच सिलिंडरचा प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह संशयित ठरतो.

गाडी तापल्यावर बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, ही उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. पेट्रोलची नळीतच वाफ झाली, तर असे होते. जुने ड्रायव्हर घाटात पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवत, ते याचसाठी. मात्र तापलेली इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सरही हेच लक्षण दाखवतो. गाडी बंद पडलेली असतानाच मेकॅनिकने ठिणगी तपासली आणि ती जोरदार निघाली, तर दोष पेट्रोलच्या बाजूला शोधावा.

दोष इंजिनाचाच आहे ना?

इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असण्याची शक्यता अधिक. थोडे अंतर चालवून एखाद्या चाकाजवळ हात नेल्यावर ते इतरांपेक्षा बरेच गरम लागले, तर ब्रेक चिकटत आहे. टायरमध्ये हवा कमी असली, तरी अ‍ॅव्हरेज घटते. अशा गाडीचे इंजिन कितीही दुरुस्त केले, तरी फरक पडणार नाही.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. तुंबलेला एअर फिल्टर किंवा अडकलेला चोक हे त्याचे साधे कारण. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो फक्त सुरू करताना क्षणभर दिसला, तर व्हॉल्व्हचे सील पाहावेत. रेस केल्यावर सतत दिसला, तर रिंगा झिजल्या असाव्यात. दाट पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. हिवाळ्यातल्या सकाळची थोडी वाफ मात्र नेहमीचीच.

गार इंजिनाचे प्लग काढून क्रमाने मांडा. टोक फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट थर म्हणजे ऑइल, पांढरेफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त.

क्रम चुकवू नका

आधी एअर फिल्टर, नळ्या आणि पेट्रोल फिल्टर पाहा. मग प्लग, वायरी, सी.बी. पॉइंट आणि टायमिंग. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून पॉइंट आधी. त्यानंतर व्हॉल्व्हचे क्लिअरन्स. कार्बोरेटरचा स्क्रू सर्वांत शेवटी फिरवावा. बरेच जण सुरुवातच तिथून करतात आणि मूळ दोष झाकला जातो. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

एवढे करूनही फरक नसेल, तर सगळे प्लग काढून कॉम्प्रेशन मोजायला सांगा. सर्व सिलिंडरचे आकडे पुरेसे आणि जवळपास सारखे आले, तर इंजिन खोलण्याची घाई नको. एखादा आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम कमी आले, तर दोघांमधले गॅस्केट गेलेले असू शकते. केवळ हेडचे काम पुरेसे आहे की पूर्ण इंजिन, हे इथे ठरते.

पेट्रोलही बदलले आहे

२०२५ पासून देशातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटणारच. शिवाय जुन्या रबरी नळ्या, सील खराब होऊ शकतात आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि टाकीत पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

घरच्या घरी तपासताना

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता आधी गळती शोधा. ठिणगीची तपासणी मेकॅनिकवर सोपवा आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका.

गॅरेजमध्ये जाताना लक्षणांचा कागद सोबत न्या. कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा, बदललेले जुने भाग परत घ्या. आकडे खरोखर खालावलेले असतील आणि गाडीचा पत्राही गंजलेला असेल, तर ती काढून टाकण्याचा विचार अवश्य करा. पण पत्रा आणि आकडे दोन्ही धड असतील, तर थोड्या पैशांत ती आणखी काही वर्षे कुटुंबाच्या सेवेत राहू शकेल.