समुद्रसपाटीचा शोध आकाशांतून

गतवर्षीं पावसाळा सरल्यावर नववीचा वर्ग घेऊन आम्ही गिरगांव चौपाटीवर गेलों होतों. भूगोलाचा एक तास चार भिंतींबाहेर घ्यावा, इतकाच हेतु होता. एका विद्यार्थ्यानें मोबाइलवर उपग्रहांच्या आधारें आपली उंची पाहिली आणि तो मोठ्यानें हसूं लागला. पडद्यावर उणे साठ मीटरांच्या पलीकडचा आंकडा होता. “सर, आपण तर केव्हांच बुडालों!” तो म्हणाला. लाटा मात्र आमच्या पायांपाशीं येऊन परत फिरत होत्या. यंत्र बिघडलें असेल, असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. तें उत्तर चुकीचें होतें. यंत्र खरेंच बोलत होतें. त्याचें शून्य आणि आमचें शून्य मात्र एक नव्हतें. त्या मुलाचें देणें ह्या लेखानें फेडावें, असा आमचा विचार आहे.

उपग्रहांवरून मिळणारी उंची मुळांत एका कल्पित गोळ्यापासून मोजलेली असते. हा गोळा ध्रुवांकडे किंचित् चपटा, परंतु अगदीं गुळगुळीत, समीकरणानें मांडलेला. समुद्रास ह्या समीकरणाची कांहीं खबर नसते. स्थिर पाण्याचें पृष्ठ सर्वत्र ओळंब्याशीं काटकोन करून राहतें, आणि पृथ्वीच्या पोटांतील द्रव्य जसें कमीअधिक असेल तसा ओळंबा झुकतो. द्रव्य अधिक असेल तेथें पाणी ओढलें जाऊन फुगतें, उणें असेल तेथें खोल बसतें. भरतीओहोटी, वारे व प्रवाह वगळून सागराचें जें पृष्ठ उरेल, आणि जमिनीखालूनही जें तसेंच पुढें नेलें आहे अशी कल्पना करितां येईल, त्यास शास्त्रज्ञ ‘जिऑइड’ म्हणतात. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत हें पृष्ठ त्या गोळ्याच्या सुमारें १०६ मीटर खालीं गेलें आहे; पृथ्वीवर याहून खोल असा दुसरा खळगा नाहीं. जहाजांतील प्रवाशास हा उतार मुळींच जाणवत नाहीं, कारण त्याचा ओळंबाही त्याच्याबरोबर कलत जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील देबांजन पाल व अत्रेयी घोष यांनीं २०२३ सालीं असें मांडलें कीं, भूगर्भांत खोलवर चढून आलेलें उष्ण व हलकें द्रव्य ह्या खळग्याचें कारण होय. मुंबई त्याच खळग्याच्या दूरच्या उतारावर आहे. येथें जिऑइड गोळ्याच्या खालीं साठाहून अधिक मीटर आहे. तेव्हां मोबाइलच्या आंकड्यांतून तितके मीटर खालचेपण काढून टाकलें, कीं चौपाटीची वाळू पुनः समुद्राच्या कांठीं येते.

ही वजाबाकी केवळ वर्गांतील गंमत नव्हे. दादर-परळच्या वाचकांस हिंदमाता म्हणजे काय, हें सांगणें नको. मुंबईच्या बेटांमधील सखल जागेंत एके काळीं भरतीचें पाणी शिरत असे. अठराव्या शतकांत हॉर्नबी वेलार्ड बांधून समुद्र अडविला. जमीन कोरडी झाली, पण उंच झाली नाहीं. आजही मुसळधार पाऊस व मोठी भरती एका वेळीं आली, कीं नाल्यांतील पाणी समुद्राकडे जाण्याचें नाकारतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशीं कुलाब्यास शंभर मिलिमीटरही झाला नाहीं. पाऊस कोठें पडेल हें आपल्या हातीं नाहीं. पडलेलें पाणी कोणीकडे जाईल हें मात्र उतारावर ठरतें, आणि हा उतार जिऑइडापासून मोजावयाचा असतो. गोळ्यापासून मोजलेल्या उंचीवर विसंबून नाला खणला, तर नकाशावर तो उताराचा दिसेल आणि पाणी उलटें येईल.

पूर्वीपासून ही उंची दुर्बिणीनें व खुणेच्या काठ्यांनीं, टप्प्याटप्प्यानें मोजीत नेण्याची रीत आहे. अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरतीच्या नोंदी आहेत, आणि शहराच्या नाल्यांची पातळी टाऊन हॉलच्या खुणेशीं जुळविण्याचीही जुनी वहिवाट आहे. पद्धति उत्तम, पण फार संथ. आतां विमानांतून प्रकाशकिरण टाकून एका दिवसांत लाखो ठिकाणांची उंची मिळते. परंतु ती सारी त्या गुळगुळीत गोळ्यापासून. तिचा उपयोग व्हावयाचा तर जिऑइड कांहीं सेंटिमीटरांपर्यंत अचूक ठाऊक असला पाहिजे, आणि त्यासाठीं ठिकठिकाणचें गुरुत्वाकर्षण मोजलें पाहिजे. गुरुत्वाच्या आंकड्यांवरून जिऑइड कसा काढावा, याचें गणित जॉर्ज स्टोक्स यांनीं १८४९ सालींच देऊन ठेविलें आहे.

आपल्या देशांत ह्या मोजणीनें माणसाचा बळीही घेतला आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे कॅप्टन बेसेव्ही लंबक घेऊन हिंदुस्थानभर फिरले व १८७१ च्या जुलैंत लडाखच्या थंड पठारावर काम करीत असतां वारले. त्यांचें काम कॅप्टन हेव्हिसाइड यांनीं पुरें केलें; त्यांच्या ठिकाणांत आमचा कुलाबाही होता. एकेका ठिकाणीं दिवसचे दिवस लंबकाचे हेलकावे मोजावयाचे! ह्या रीतीनें सह्याद्रीचे कडे, खाड्या व उथळ समुद्र कोण धुंडाळणार? म्हणून विमान.

गुरुत्वमापक यंत्राचें तत्त्व साधें आहे: कमानीवर तोललेलें एक वजन. गुरुत्व वाढलें कीं कमान अधिक ताणली जाते. ह्या कामांतील माप मिलिगॅल. आपल्या नेहमींच्या गुरुत्वाचा सुमारें दहा लाखांवा भाग. उंचीबरोबर गुरुत्व मीटरामागें सुमारें ०·३ मिलिगॅल घटतें, म्हणजे गिरगांवांतील चाळीच्या तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर गेल्यास सुमारें एक मिलिगॅल कमी होतो. चांगलें यंत्र हा फरक दाखवितें.

पण चाळ स्थिर असते, विमान हालतें. लिफ्ट सुटतांना हातांतील पिशवी क्षणभर जड लागते, हा अनुभव सर्वांस आहे. यंत्रास खरें वजन आणि हा धक्का यांतला भेद कळत नाहीं. आणि वाऱ्याच्या झोतांत विमानास बसणारे धक्के हजारों मिलिगॅलांचे असतात. शिवाय विमान पूर्वेकडे जात असेल तर पृथ्वीच्या फिरण्यांत त्याची गति मिळते व तें हलकें भासतें. पश्चिमेकडे जातांना उलट. मुंबईच्या अक्षांशावर सेकंदास १०० मीटर वेगानें पूर्वेस उडणाऱ्या विमानांत हा फरक सुमारें १५०० मिलिगॅल होतो, आणि त्याचा वेग सेकंदास सहा-सात सेंटिमीटरांनीं चुकला तरी एक मिलिगॅलाची चूक शिरते. अमेरिकेंत १९५८ सालीं मोठ्या विमानांतून असे प्रयोग झाले, परंतु विमानाची जागा व वेग इतका बारकाईनें कळण्यास साधन नव्हतें. तें उपग्रहांनीं दिलें. जीपीएसवरून विमान क्षणोक्षणीं कोठें होतें हें काढतात, त्यावरून त्यास बसलेले धक्के गणितानें ठरवितात, आणि ते यंत्राच्या आंकड्यांतून वजा करितात. मागें उरलेला गोंधळ मिनिट-दीड मिनिटांची सरासरी घेऊन शमवितात. ह्या सरासरीची किंमत मोजावी लागते: तेवढ्या वेळांत विमान कित्येक किलोमीटर पुढें गेलेलें असतें, म्हणून त्याहून बारीक चढउतार विमानास दिसत नाहींत. एकमेकांस छेदणाऱ्या रेषांवर उडून छेदाच्या जागीं दोन्ही आंकडे जुळतात कीं नाहीं तें पाहतात. एक-दोन मिलिगॅलांत जुळले तर काम साधलें.

कोणी म्हणेल, २००९ ते २०१३ पर्यंत फिरलेल्या ‘गोसे’ उपग्रहानें सारी पृथ्वी मोजली असतां विमान कशास? उपग्रह फार उंचावरून पाहतो. शंभरएक किलोमीटरांहून लहान गोष्टी त्यास पुसट दिसतात. आणि मुंबईच्या पोटांत अशीच एक गोष्ट आहे. दूरच्या खळग्यामुळें येथें जिऑइड खालीं बसला असला, तरी खुद्द शहराच्या परिसरांत गुरुत्व आसपासच्या मानानें अधिक भरतें. टाकिन यांनीं १९६६ सालीं ह्या आधिक्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. खालीं जड अग्निजन्य खडकाचा मोठा सांठा असावा, असा अर्थ लावला जातो. अशा जागीं जिऑइड कसा वळतो हें पाहण्यास घाटमाथ्यापासून शहरावरून थेट समुद्रांत नेलेली मोजणी हवी. जमिनीवरचें यंत्र किनाऱ्याशीं थांबतें, जहाज उथळ पाण्यांत येत नाहीं, आणि समुद्राची उंची मोजणारे उपग्रह कांठाजवळ गोंधळतात. विमान मात्र हें सारें एका रेषेंत ओलांडतें. आमच्या मतें ज्या शहराचे नाले भरतीशीं झगडतात त्यानें ह्या मोजणीस अग्रहक्क द्यावा.

नेपाळनें २०१० सालीं आपल्या देशावरून अशी मोजणी करविली. डिसेंबर २०२० मध्यें सगरमाथ्याची ८८४८·८६ मीटर ही उंची जाहीर झाली, तींत शिखरावरील बर्फांत रोवलेल्या उपग्रहयंत्राइतकाच त्या उड्डाणांचा वाटा आहे. कारण शिखराखालीं समुद्र नाहीं, तो गुरुत्वावरूनच काढावा लागला.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व फळ्यावर मांडून दाखविलें. तो आतां दहावींत आहे. लालबागेंतील एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्यें ताणकाटा नेऊन विमानाचा धक्का स्वतः मोजण्याची त्याची इच्छा आहे, आणि येत्या शनिवारीं आम्ही तेथें जाणार आहों.